डाळीचं पाणी, वाळूचं पाणी

बारामती बघण्यासारखी आहे का, असं मला परत आल्यापासून गावातल्या बऱ्याच जणांनी विचारलं. बघण्यासारखं म्हणाल तर कालवा आहे, आणि कालव्याच्या दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर ऊस आहे. पण मी बघायला गेलो नव्हतो. मी वाळूच्या गोणींबरोबर गेलो होतो.

आमचं गाव फोंड्याच्या घाटाखाली. आमच्या डोंगरात पांढरी वाळू निघते, ती काचेच्या कारखान्यांना लागते. पण ती मातीत कालवलेली असते, धुतल्याशिवाय कोणी घेत नाही. सामंत साहेब म्हणून खाणीतल्या नोकरीतून निवृत्त झालेले एक इंजिनियर आमच्या गावात येऊन राहिले. त्यांनी वाळू धुण्याचं एक उभं पिंप बनवलं. पिंपात खालून पाण्याची धार सोडायची आणि वरून कच्ची वाळू टाकायची. वाळू जड, ती धारेतूनही खाली बसते. माती हलकी, ती पाण्याबरोबर वरच्या काठावरून वाहून जाते. एवढंच. पण धार किती सोडायची यातच सगळी मेख.

मी सातवीत शाळा सोडली. रेल्वेच्या बोगद्यावर दगड उचलायला होतो, बोगदा आरपार झाला आणि आमचं काम संपलं. तेव्हा साहेबांनी मला पिंपावर घेतलं. सावलीतलं काम, आणि संध्याकाळी घरी. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पिंप लहान होतं. धंदा करायचा तर त्याच्या दसपट मोठं हवं. साहेबांकडं तेवढा पैसा नव्हता. बारामतीचे एक कारखानदार भागीदार व्हायला तयार झाले, सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांच्याकडं साखर कारखान्यांची भांडी आणि चाळण्या बनतात. मोठं पिंप त्यांनी बनवलं, आणि ते आधी बारामतीलाच आमच्या वाळूवर चालवून बघायचं ठरलं. पण ते उभं करायचं इंदापूरला, हायवेला लागून असलेल्या त्यांच्या जागेत, असं त्यांचं म्हणणं. कच्ची वाळू आमच्याकडून ट्रकनं न्यायची. कारण आमच्याकडं वीज जाते, आणि दुसरं मोठं कारण म्हणजे भिकूकाका. पिंपातून निघणारं दुधासारखं पांढरं पाणी व्हाळात, म्हणजे गावच्या ओढ्यात जायचं आणि व्हाळाखाली भिकूकाकाचं भात. त्यानं ग्रामपंचायतीत तक्रार केली आणि आमचं लहान पिंपही बंद पडलं.

म्हणजे आता दोनच वाटा. पिंप इंदापूरला गेलं, तर मी आईला एकटी सोडून इंदापूरला जायचं, नाहीतर पुन्हा कुठंतरी दगड उचलायचे. हे डोक्यात घेऊन मी साहेबांबरोबर ट्रकमध्ये बसलो.

बारामती

घाट चढून वर आल्यावर पहिलं जाणवलं ते ओठांना. दुपारपर्यंत ओठ फुटले. हवा अशी कोरडी, की शर्ट धुवून टाकला आणि चहा पिऊन येईपर्यंत वाळला. आमच्याकडं पावसाळ्यात चड्डीसुद्धा चुलीवर वाळवावी लागते. हे मी तिथल्या लोकांना सांगितलं तेव्हा त्यांना ते खोटंच वाटलं.

तात्या कारखान्याच्या दारात उभे होते. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, पायात कोल्हापुरी.

“या, या! कोकण आलं!” ते म्हणाले. “गोणीत वाळू हाय का नारळ?”

“नारळ असतं तर वाटंतच संपलं असतं, तात्या,” मागून एक जण बोलला. तो सुधाकर, तिथला मुख्य फिटर. मोठं पिंप त्यानंच जोडलं होतं. मला त्यानं खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाला, “तुमी कोकणातली लोकं भातच खाता म्हणून वाऱ्यानं उडताय. चला, आधी जेवा.”

पिंप बघून माझी छाती दडपली. आमचं पिंप माझ्या छातीपर्यंत होतं. ह्याच्या काठावर पोचायला शिडी. शेजारी बोअरची मोटर, तिचा पाईप थेट पिंपाच्या तळाला.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी नारळ फोडला आणि साहेबांनी मला खूण केली. मी झडप उघडली. धार बरोबर वाटत होती. सुधाकरनं वरून वाळू सोडली. आम्ही खाली तोंडाशी वाट बघत उभे राहिलो.

बाहेर आली ती वाळू मळकट. हातात घेतली तर चिकट. मातीच्या बारीक गुठळ्या तिच्याबरोबर खाली बसलेल्या, दही फुटल्यासारख्या.

तात्यांनी मूठभर उचलून साहेबांपुढं धरली. “सामंत साहेब, ही धुतल्याली म्हणायची का न धुतल्याली?”

साहेबांचा चेहरा उतरला. “पिंप मोठं झालं, धार सगळीकडं सारखी लागत नसावी.”

“आसंल. साखरेच्या भांड्याला बी असंच व्हतं. लहान करा, झ्याक चालतं. मोठं केलं की रुसतं.” तात्या रागानं बोलत नव्हते, त्यामुळं मला जास्तच भीती वाटली.

साहेबांनी तळाचा पाईप काढायला लावला, भोकं वाढवली, पुन्हा बसवला. धार वाढवली तर वाळूच वरून वाहून जायला लागली. कमी केली तर गुठळ्या. संध्याकाळी तात्या म्हणाले, “ह्या आठवड्यात जमलं तर बरं. न्हायतर पिंप कापून मला त्येचा पत्रा दुसरीकडं वापरावा लागंल.”

मी बाहेर जाऊन एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावला, आईला निरोप द्यायला. दुकानदार म्हणाला, “काय सांगू?” “जेवलो म्हणून सांग,” म्हटलं आणि ठेवला.

कोऱ्हाळे बुद्रुक

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. मी कारखान्यातच झोपणार होतो, पण सुधाकर म्हणाला, “हितं पत्र्याखाली एकटा काय करनार? घरी चल.” त्याचं घर कोऱ्हाळे बुद्रुकला. मोटारसायकलवर त्याच्या मागं बसून गेलो. रस्त्यात उसाच्या गाड्यांमागं हळूहळू चालावं लागलं, आणि घरी पोचेस्तोवर मी धुळीनं सुधाकरपेक्षाही काळा झालो होतो.

घर कालव्याच्या चारीजवळ, विटांचं, नीटनेटकं. दर्शनी भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताज्या शेवंतीचा हार. थोरला भाऊ पुण्यात बँकेत, त्याची पदवी घेतानाची तसबीर दुसऱ्या भिंतीवर. सुधाकरची आई, तिला सगळे आक्का म्हणतात, ती शेतातून यायची होती.

अंगणात तांब्याचा हंडा होता, वर झाकण, झाकणावर दगड. आमच्याकडं पाहुणा आला की आधी पायांवर पाणी. मी दगड बाजूला केला, तांब्या बुडवला आणि मनसोक्त पाय धुतले. तोंड धुतलं. मान धुतली. मग आणखी एक तांब्या डोक्यावर घेतला.

“आरं! आरं लेकरा, थांब!”

आक्का डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन फाटकात उभी होती.

“त्ये डाळीचं पानी हाय रं!”

मला कळेना. डाळीचं म्हणजे डाळ भिजवलेलं की काय? मी हातातला तांब्या हुंगून बघितला. आक्कानं भारा टाकला आणि हसायला लागली.

“तसं न्हवं. आमच्या बोरच्या पान्यात डाळ शिजत न्हाय. दिवसभर चुलीवर ठिव, दाना न दाना उभा ऱ्हातो. च्यावर बी साय धरती. म्हणून कालवा आला की हंडं भरून ठिवतो. त्ये पानी निस्तं डाळीला आन् च्याला. आंघोळीला, भांड्याला बोरचं.”

“आणि कालवा पुन्हा कधी येणार?”

“पाळी येईल तवा. कालच गेलाय.”

हंड्यात तळाला थोडं उरलं होतं. मला जमीन दुभंगावी असं झालं. आमच्याकडं पाणी म्हणजे पाणी, त्याच्यात जाती नसतात. त्या रात्री आमटी बोअरच्या पाण्यात झाली. डाळ खरंच दातांखाली कचकच वाजत होती.

“पावन्यानं पाय धुतलं, आता पावन्यानंच चावायची,” सुधाकर म्हणाला.

“गप रं,” आक्का म्हणाली. “त्येला काय ठावं? त्येंच्याकडं पाऊस दारातनं आत येतो म्हणं.” आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा गोळा टाकला. “हे खा. ह्येला पानी लागत न्हाय.”

सकाळी बघतो तर आक्का शेजारणीकडून कळशीभर कालव्याचं पाणी घेऊन आली होती. आपण विरजण मागायला जातो, तसं तिथं हे पाणी मागतात आणि पाळी आली की परत करतात. त्या कळशीतून तिनं माझ्यासाठी डाळ शिजवली, लोण्यासारखी. मी खाली मान घालून जेवलो. परक्या मुलखात इतकं कोण करतं?

पुन्हा बारामती

कारखान्यात साहेब नकाशे पसरून बसले होते. डोळे सुजलेले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी त्यांना पाय धुतल्याचं सांगितलं. ते हसले, खूप हसले. मग एकदम थांबले.

“काय म्हणाली ती? पुन्हा सांग.”

“बोअरच्या पाण्यात डाळ उभी राहते.”

साहेब उठले. तात्यांच्या ट्रकच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी कपाटात होतं, त्याची बाटली मागितली. काचेचे दोन ग्लास घेतले. एकात बॅटरीचं पाणी, एकात बोअरचं. दोन्हींत आमच्या वाळूतली माती चिमूट चिमूट टाकून ढवळली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. बॅटरीच्या पाण्यातली माती दुधासारखी पसरून राहिली. बोअरच्या पाण्यात तिचे कण एकमेकांना धरायला लागले, गुठळ्या झाल्या, आणि सुधाकरनं तंबाखू मळेपर्यंत तळाला बसल्या.

“पिंपाचं काही चुकलेलं नाही,” साहेब म्हणाले. “इथल्या पाण्यात क्षार आहेत. त्यात माती फाटते, नासलेल्या दुधासारखी. गुठळी जड झाली की वाळूबरोबर खाली बसते. आपल्या व्हाळाचं पाणी पावसाचं, त्यात फाटत नाही. आणि मी दोन दिवस भोकं मोजतोय!”

तात्यांच्या मेव्हण्याच्या शेतात मोठा हौद होता, त्यात पाळीचं पाणी साठवलेलं. बहीण भावाला नाही म्हणेना, मेव्हणा बायकोला नाही म्हणेना, असं करून एक टँकर मिळाला. मी झडप उघडली. सुधाकरनं वाळू सोडली.

ह्या वेळी वाळू आली ती साखरेसारखी. तात्यांनी हातावर घेतली, उन्हात धरली, आणि एक कण जिभेवर ठेवला. “सवय हो,” ते लाजून म्हणाले. “पांढरं दिसलं की हात तोंडाकडं जातो.”

सगळे हसले. मीही हसलो, पण आतून गार पडलो. पिंप चालतं हे ठरलं, म्हणजे इंदापूर ठरलं.

इंदापूर

जीपनं निघालो, तात्या, साहेब, सुधाकर आणि मी. इंदापूर म्हणजे हायवेचं गाव. ट्रकांच्या रांगा, टायरची दुकानं, बाजारात कांद्याच्या गोणी, तहसील कचेरीबाहेर झाडाखाली सात-बाराचे उतारे छातीशी धरून बसलेली माणसं. तात्यांनी जागेचा उतारा घेतला आणि आम्ही जागेवर गेलो.

जागा मोठी, सपाट, विजेचे खांब अगदी लागून. मी तिथं आपली खोली कुठं असेल ते बघत होतो. एकही झाड नव्हतं. आईला इथं आणली तर ती दिवसभर कुणाशी बोलेल, हा विचार मनात आला.

बांधावर एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता.

“राम राम, आबा,” तात्या म्हणाले. “हिकडं कालव्याचं पानी कसं काय?”

“कालवा?” आबानं कान पुढं केला. “कालव्याचं शेपूट हाय ह्ये. वरची मंडळी पितात, आन् उरलं तर आमच्याकडं येतं. उरत न्हाय. कशाला पायजेल? ऊस लावताय का?”

“न्हाय. वाळू धुवायची हाय.”

आबा शेळ्यांकडं वळून म्हणाला, “ऐका गं! हितं उसाला पानी न्हाय, आन् ह्ये वाळूला आंघोळ घालत्यात!”

सुधाकर तोंड फिरवून हसला. तात्यांना हसू आलं नाही. त्यांनी बोअर मारायचं धरलं होतं, आणि बोअर इथं उपयोगाचा नव्हता. धरणातून पाणी उचलायचं तर लांबून पाईप आणि वर परवानगी. त्यांनी कोल्हापुरीनं एक ढेकूळ फोडलं आणि जीपकडं चालायला लागले.

डाळज

परतताना भिगवणच्या अलीकडं डाळजला जेवायला थांबलो. तिथं धरणाच्या पाण्यातले मासे मिळतात. मासा म्हटल्यावर माझा जीव हरखला. ताटात चिलापी आली, तिखटजाळ रश्श्यात. खाल्ली. काय सांगू, मासा होता, पण समुद्र नव्हता. मातीची चव. सुधाकरनं विचारलं, “कसा हाय?” मी म्हटलं, “भूक लागली होती.” त्यानं माझा उरलेला तुकडा उचलून खाल्ला.

तात्या भाकरी मोडत म्हणाले, “सामंत साहेब, पिंप तुमच्याकडंच न्या. पानी तुमच्याकडं हाय तर मी कशाला भांडू? विजेला जनरेटर घेऊ. पन त्ये भिकूकाका का कोन, त्येंच्या भातात पांढरं पानी जातंय त्येचं काय? त्ये न्हाय म्हणलं तर माझी भागीदारी न्हाय. गावाशी भांडून मी धंदा करत न्हाय.”

माझ्या हातातला घास तसाच राहिला.

“पहिल्या दिवशी पिंपावरून वाहिलेलं पाणी आपण ड्रममध्ये धरलं होतं,” साहेब म्हणाले. “नंतर कोणी बघितलं का?”

“मी बगितलं,” सुधाकर म्हणाला. “वर निवळशंख, खाली चिखल. त्येच पान्यानं हात धुतलं.”

“तेच. वाळूला जे पाणी वाईट, ते गाळाला चांगलं. धुवायचं व्हाळाच्या पाण्यात. मग ते पांढरं पाणी टाकीत घ्यायचं, त्यात किंचित चुना टाकायचा, माती फाटून तळाला बसेल. व्हाळात सोडायचं ते स्वच्छ.”

“चुना म्हटलं की भिकूकाका उठून जाईल,” मी म्हणालो. “भात जळलं म्हणेल. आधी त्याला बोअरचं पाणी दाखवू, त्यानंही गाळ बसतो. इथली माणसं ते रोज पितात, ते बघून तरी बसेल. चुन्याचं मग सांगू, पण सांगू नक्की.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. “पाण्याचा कॅन गावापर्यंत उचलशील?”

“उचलीन.”

घरी

कॅन आक्कानं दिला, आणि स्वतःच्या बोअरवर भरूनही दिला. भरताना पदर तोंडाला लावून हसत होती. “कोकनात पानी चाललंय! कुनाला सांगू नगं बाबा, येड्यात काढतील.”

एसटीत कंडक्टरनं कॅनला पाय लावून विचारलं, “दारू हाय का रॉकेल?”

“पाणी.”

“कुठं चालला?”

“कणकवली.”

तो पुढच्या सीटपर्यंत गेला, पुन्हा मागं आला, टोपण उघडून हुंगलं, आणि मग सगळ्या गाडीला सांगितलं. घाट उतरेपर्यंत लोक मला तहान लागली म्हणून दाखवत होते.

भिकूकाका त्याच्या अंगणात सुपारी कातरत बसला होता. साहेब आणि मी समोर बसलो.

“पाणी खंयसून हाडलंस?” त्यानं कॅनकडं बघून विचारलं, कुठून आणलंस म्हणून.

“बारामतीसून.”

“शिरा पडांदे! कोकणात पाणी हाडतंस?” त्यानं ओंजळभर घेतलं, तोंडात धरलं आणि थुंकला. “खारां! ह्यां माणसां पितत?”

“पितात. आणि मला पण दिलं त्यांनी, चांगलं वागवून दिलं.”

मी व्हाळाच्या पाण्यात कच्ची वाळू ढवळून वरचं पांढरं पाणी लोणच्याच्या काचेच्या बरणीत घेतलं, पिंपातून निघायचं तसं. भिकूकाकाचा चेहरा लगेच कडू झाला, कारण असंच पाणी त्याच्या भातात जायचं. मग त्यात कॅनमधलं ओतलं आणि ढवळलं. बरणी ओट्यावर ठेवली. दोन मुलखांची पाणी एकत्र झाल्यावर काय होईल याची कुणालाच खात्री नव्हती, साहेबांनाही नाही. ते चष्मा पुसत बसले होते.

आधी वरचं बोटभर पाणी निवळलं. मग आणखी. भिकूकाकानं अडकित्ता खाली ठेवला. बरणी उचलून डोळ्यांसमोर धरली आणि तिच्यातून पलीकडचं आपलं भात बघितलं. हिरवं दिसलं असणार, कारण बराच वेळ बघत होता.

“मगे रोज थंयसून पाणी हाडीत ऱ्हवतलंस काय?” त्यानं विचारलं.

तेव्हा साहेबांनी चुन्याचं सांगितलं. काही लपवलं नाही. किती लागेल, टाकी कुठं खणायची, आणि ती टाकी आधी, पिंप नंतर. भिकूकाकानं पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाला, “एक पावस बघतंय. व्हाळ पांढरो दिसलो तर तुमचां पिंप व्हाळात लोटून देतलंय.”

आमच्या गावात याला होकार म्हणतात. साहेबांनी त्याच संध्याकाळी दुकानातून बारामतीला फोन केला.

मी घरी गेलो तर घरात धूर. कॅनमधलं उरलेलं पाणी आईनं कुतूहलापोटी डाळीला घेतलं होतं. ती घामानं थबथबली होती.

“मेल्या, ह्यां कसलां पाणी? लाकडां जळली, पण डाळ काय शिजाक नाय,” ती म्हणाली. मग डाव खाली ठेवला. “ती बाय रोज रांदता तरी कशी रे?”

मी तिला हंड्याचं सांगितलं, दगडाचं सांगितलं, मी पाय धुतल्याचं सांगितलं. त्यावर मला एक शिवी मिळाली, ती इथं लिहीत नाही.

पुढच्या आठवड्यात साहेब पिंप आणायची बोलणी करायला पुन्हा बारामतीला निघाले. आईनं त्यांच्याकडं आक्कासाठी कोकमं दिली, आणि आक्काचा कॅनही. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. तिनं तो पहाटे स्वतः व्हाळावर नेला, तीनदा विसळला, आणि काठोकाठ भरून आणला.